प्रेमापोटी

"लिहून देणार तुम्हीच ना? मग इथे बसा," रजिस्ट्रार ऑफिसातल्या साहेबांनी हेमलताला कॅमेऱ्यासमोरची खुर्ची दाखवली. गिरणीवर आपलं दळण कधी निघतंय ते बघत उभं राहावं, तसा नवरा तिच्या मागे उभा राहिला.

बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत सवलत मिळते, म्हणून फ्लॅट तिच्या नावावर झाला होता. चारचौघांत मात्र तो सांगायचा, "बायकोला घर घेऊन दिलं मी!" दारावरची पाटी त्याचीच होती. आता जुनी इमारत पाडून तिथे टॉवर उठणार म्हटल्यावर कागदावरचं तिचं नाव त्याला खुपायला लागलं. वकिलाने बक्षीसपत्र तयार केलं. तिने घर नवऱ्याला देऊन टाकायचं, फुकट.

साहेबांनी मजकूर वाचून दाखवला. 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी मी हे घर माझ्या पतीस बक्षीस देत आहे.' आख्ख्या संसारात नवऱ्याने जो शब्द कधी काढला नव्हता, तो आयता तिच्या तोंडी घातला होता.

"सगळं मान्य आहे ना, बाई?"

"घर देतेय, ते मान्य. प्रेमापोटी देतेय, ते नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग दस्त होणार नाही."

नवरा खेकसला, "अगं, लिहायची पद्धत असते ती! प्रेमबिम काही नसतं त्यात!"

हेमलता खुर्चीतून उठली. "ऐकलंत ना, साहेब? आता तर हेही तेच म्हणताहेत."