गुरुवारची सुट्टी

मोठ्या सिस्टरांचे पाय इतके सुजले होते की सकाळी बुटांत जाईनात. काल तर औषधांच्या कपाटापुढे उभ्या राहून त्या नुसत्याच रडल्या. डॉक्टरांनी बजावलं, "ड्यूट्यांचा तक्ता तुम्हीच करता ना सिस्टर? मग आठवड्यातला एक दिवस स्वतःला द्या. नाहीतर याच वॉर्डात तुमच्यासाठी खाट रिकामी करावी लागेल."

शनिवारी दुपारी त्या तक्ता घेऊन बसल्या. एकीच्या मुलाला ताप, दुसरीच्या सासूचं ऑपरेशन, तिसरीची परीक्षा. 'सुट्टी'च्या रकान्यात एकेकीचं नाव आणि शेजारच्या 'जागी कोण'मध्ये नेहमीसारखं स्वतःचं, असा त्यांचा हात भराभर चालला. गुरुवारपाशी मात्र तो अडखळला. मग मन घट्ट करून त्यांनी 'सुट्टी'मध्ये पहिल्यांदाच स्वतःचं नाव लिहिलं, शेजारचा रकाना भरला आणि विचार बदलायच्या आत तक्ता भिंतीवर लावून टाकला.

बुधवारी घरात सांगून ठेवलं, "उद्या आभाळ कोसळलं तरी मला उठवू नका."

गुरुवारी सकाळी साडेसातला नवऱ्यानं घाबरत घाबरत फोन पुढे केला. वॉर्डातली नवी नर्स रडकुंडीला आली होती.

"मोठ्या सिस्टर, तुमच्या जागी कुणी आलंच नाहीये हो!"

"तक्ता बघ. कोणाचं नाव आहे ते वाच. बघतेच मी तिच्याकडे!"

पलीकडे भिंतीकडे जाणारी पावलं ऐकू आली.



"सिस्टर... तुमचंच आहे."