यादीतले पाचवे

"हात धुवा आधी," ती म्हणाली. "करखात्याचे साहेब कोपऱ्यावर उतरलेत."

मास्तरांनी बोटांवरची खळ फडक्याला पुसली, तीही अगदी निवांत, पाहुणे जेवायला येणार असावेत तशी. "पाचच वह्या राहिल्यात."

"एकसुद्धा नाही. तुम्ही घरी बसलेले आहात. घरी बसलेला माणूस सुईला हात लावत नाही. किती वेळा सांगायचं?"

"सांगा की, मालकीणबाई. कारखाना तुमचा."

हे 'मालकीणबाई' गेल्या महिन्यापासूनचं. मदतीचा अर्ज भरला, त्या दिवसापासून.

कारखाना कसला, एक लांबलचक खोली, दोन टेबलं आणि कागद कापायचं एक म्हातारं यंत्र. बाजार बसला, शाळांना टाळं लागलं, वह्यापुस्तकं कोण बांधून घेणार? शेवटचं मोठं काम आलं तेही करखात्याचंच: धंदा ठप्प झालेल्या मालकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका, दोन हजार प्रती. बाकीच्यांनी ती वाचली असेल नसेल, हिला मात्र ती शिवता शिवता पाठ झाली. कर भरायला सहा महिने मुदत. कामगारांना काढू नका, घरी बसवा. त्यांचा पगार सरकार देईल, त्यातून नेहमीसारखा कर तेवढा कापा. पण घरी बसलेल्याने कारखान्यात काडीही हलवायची नाही. आणि पगारावर निदान पाच माणसं हवीत, तीही मालकाच्या नात्याबाहेरची. चार असतील तर एकालाही दमडी मिळायची नाही.

तिच्याकडे कटिंगवाला होता, शिलाईच्या दोघी बहिणी होत्या, कव्हरं चढवणारा होता. आणि पाचवे मास्तर. कटिंगवाल्याला नुकती जुळी झाली होती. बहिणींनी भाडं थकवलं होतं. मास्तर गळले की चौघांची चूल विझली.

साहेब आत आले ते शिंकतच.

"हे कोण?"

"मास्तर. यादीतले पाचवे."

"मग घरी हवेत ना?"

"चष्मा विसरलो होतो," मास्तर म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्यांनी तो चाचपला. "सापडला."

साहेबांना हसू आलं, मग शिंक आली. त्यांनी बॅगेतून तीच पुस्तिका काढली, पण ही प्रत दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यात बांधलेली. उघडली आणि मधली आठ पानं सुटून टेबलावर पसरली.

मास्तरांचा हात आपसूक पुढे झाला. पानं जुळवली, कडा ठोकून सारखी केली, अंगठ्याने घडीवर दाब दिला. दुसरा हात सुईच्या डबीकडे निघाला होता.

ती खोकली.

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "कोणी शिवलंय हे? शिक्षा करा त्याला."

"आधी तुमचं बघू द्या," साहेब म्हणाले. "किती वर्षं आहात इथे?"

"सदतीस."

"मालकीणबाई कशा आहेत?"

"कडक. पण पगार वेळेवर." मास्तर तिच्याकडे न बघता बोलत होते. "आता कामाला हात लावू देत नाहीत, एवढीच तक्रार. लिहून घ्या."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. एकेक खूण करत रकाने भरत गेले. कोणी दुसरीकडे कामाला? नाही. कोणाचा पगार अडकलाय? नाही. घरातलं, नात्यातलं कोणी यादीत? नाही. ती भराभर उत्तरं देत होती. तिचं लक्ष मास्तरांच्या अंगठ्याच्या नखाकडे होतं, त्यात खळ अडकली होती. ओली.

"कारखाना तुम्ही सुरू केलात?"

"वडिलांनी. आता माझ्या नावावर आहे."

"वडील असतात इथे?"

उत्तर ठरवून ठेवलेलं होतं, पण ते तोंडातून निघेना.

"वडील... नाहीत."

"अरेरे," साहेबांनी आवाज उतरवला. "बरं, सुटले म्हणायचं. ही वेळ त्यांना बघावी लागली नाही."

"हो ना," मास्तर म्हणाले. "सुटले बिचारे."

कटिंगचं यंत्र पुसायचं निमित्त करून तिने पाठ फिरवली.

साहेबांनी शिक्का काढला. पाच जणांच्या नावांपुढे पाच वेळा उठवला. "मंजूर. पहिल्या तारखेपासून पगार सुरू. मात्र तीन महिने आमचा माणूस कधीही, न सांगता, प्रत्येकाच्या घरी जाऊन बघणार. दिलेल्या पत्त्यावर माणूस दिसला नाही, तर सगळी यादी रद्द. पाचच आहेत तुमचे, सांभाळा." मास्तरांकडे वळून ते म्हणाले, "तुमचं नदीपलीकडचं दिसतंय. लांब पडतं. चष्म्यासाठी एवढं चालत येऊ नका हं."

"नाही येत," मास्तर म्हणाले.

साहेब गेले. रस्त्यावर त्यांची आणखी एक शिंक ऐकू आली, मग काहीच नाही. तिने दार लावलं, कडी घातली आणि दाराला टेकून उभी राहिली. चौघांची चूल वाचली होती. तिला रडू येत होतं आणि हसूही.

"बाबा," ती म्हणाली, "चला वर. आई जेवायची थांबलीये."

मास्तरांनी खुंटीवरची पिशवी काढली, तिने घातलेली कडी हलकेच काढली आणि म्हणाले, "वर कसा येऊ, मालकीणबाई? माझा पत्ता तुम्ही नदीपलीकडचा लिहिलाय."