पगारी ड्रायव्हर

एकाहत्तर सालची गोष्ट. मिरजगावचा दानीएल स्वतःचा ट्रक स्वतःच चालवायचा. विमा एजंट त्याला म्हणाला, "पगारी ड्रायव्हर अपघातात गेला, तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळते. तुम्ही पडलात मालक. तुम्हाला काही नाही."

दानीएलनं आठ दिवस विचार केला आणि नगरला जाऊन ट्रक बायकोच्या, साराच्या नावावर करून टाकला. आता तो तिचा पगारी ड्रायव्हर झाला. स्वतःच्या हुशारीवर खूश होत सकाळी त्यानं चावी मागितली. सारानं ती पदराच्या गाठीत बांधली.

"आदी तोंड इकडं करा," ती म्हणाली. "पिनारा ड्रायव्हर आमाला चालत न्हाई."

रात्रीचा वास पुरता जाऊन कांद्याचा ट्रक निघाला, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.