साखरेचा डबा

निवृत्त सुभेदार भीमराव बायको शांताबाईंसह मुलाकडे इंग्लंडात बेसिंगस्टोकला आले आणि तिथे ऋजुता नावाच्या तरुण दिग्दर्शिकेने त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. युद्धात सैनिक रोजचा दिवस कसा काढतो, यावर ती डॉक्युमेंटरी करत होती. आज लंडनमधल्या कॅमडेनच्या हॉलमध्ये पहिला शो होता. निघायच्या गडबडीत सुभेदारांना चहाची तल्लफ आली. त्यांनी नेहमीप्रमाणे किचनमधून हाक मारली, "अगं, साखर कुठंय?" शांताबाई निऱ्या सावरत आल्या, सुभेदारांच्या नाकासमोरचा डबा उचलून त्यांच्या हातात दिला आणि परत गेल्या.

पडद्यावर सुभेदार सांगत होते, "बंकरमध्ये उजेड दिसला की गोळी आलीच. स्टोव्ह घोंगडीच्या आड ठेवायचो आणि डबे काळोखात चाचपून ओळखायचो. सगळ्या पोरांना चहा पाजला, पण साखरेच्या जागी मीठ एकदाही पडलं नाही."

हॉलमध्ये रुमाल निघाले. शो संपला, दिवे लागले, टाळ्या थांबेनात. सुभेदारांनी छाती फुगवून शेजारी पाहिलं, तर खुर्ची रिकामी. शांताबाई प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी ठेवलेल्या माइकपाशी पोचल्या होत्या.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आपल्या घरी लख्ख उजेडात तो डबा तुम्हाला आजवर का सापडला नाही?"

सुभेदार दुसऱ्या बाजूला बसलेल्या ऋजुताकडे झुकले.

"पोरी, इथले दिवे कुठून बंद होतात गं?"