अर्धा शिक्का

“आजी, चपला काढा आणि या पाण्यात पाय बुडवा.”

“का रे बाबा? मी काय उकिरड्यावरून आले?” म्हातारीने रखवालदाराकडे असं पाहिलं, की त्याने आपोआप टोपी सरळ केली.

“तसं नाही हो. औषधाचं पाणी आहे. आत जाताना एकदा, बाहेर येताना दोनदा. इथल्या मातीत बुरशी पाळलीय. चिमूटभर जरी पायाला लागून बाहेर गेली, तरी कुणाची तरी बाग बसलीच म्हणून समजा.”

“माझा मुलगा इथला मोठा साहेब आहे.”

“साहेबांनाही बुडवायला लावतो की. घाईत असले की मात्र पाण्यावरून टांग टाकून जातात.” तो हसला.

म्हातारी हसली नाही. पाय बुडवले आणि ओल्या पायांनी फटक फटक करत आत गेली. तिला कागद हवा होता. पाण्याचं कौतुक ऐकायला वेळ कुणाला होता?

धाकट्याची केळीची बाग सहा महिन्यांत मान टाकून बसली होती. आधी पानं पिवळी, मग खोड आतून तांबूस. पाटाच्या पाण्याबरोबर रोग शेजारच्या दोन बागांत गेला. याला औषध नाही, आणि त्या मातीत पुढची पंचवीस वर्षं केळ धरत नाही. शेजाऱ्यांनी ठरवलं होतं, ज्याच्या चुकीने रोग आला त्याने मळा सोडून निघायचं. बैठक उद्या होती, आणि तिथे ठेवायला थोरल्याच्या सहीशिक्क्याचा कागद हवा होता.

चूक धाकट्याचीच, यात म्हातारीला शंका नव्हती. तिला न विचारता स्वस्तातले कंद आणले होते ना त्याने! आणि वर तोंड करून म्हणतो कसा, “आई, दादा ज्या ओळीतून फिरला, तीच ओळ आधी पिवळी पडली.” तिने बायकोपोरांदेखत त्याच्या थोबाडीत दिली होती. भाऊ पंधरा वर्षं या रोगापायी डोळे फोडतोय, आणि हा त्याच्यावरच घसरतो! घरात न्याय करताना तिने कधी कुणाचं तोंड बघितलं नव्हतं. चार माणसं तसं म्हणत. तीही म्हणे.

थोरल्याच्या खोलीत भिंतभर काचेच्या बश्या होत्या. त्यांत बुरशी वाढत होती, पांढरी-गुलाबी, पिंजलेल्या कापसासारखी. टेबलावर कागद तयार होता. परवा तिने फोनवर सांगितला तसाच: रोग कंदांतून आला. खाली सही होती, शिक्काही होता. पण शिक्का अर्धाच उमटला होता, मारणाऱ्याचा हात कचरल्यासारखा.

“दे इकडे.”

“आधी बस, आई.” थोरल्याने दोन बश्या तिच्यासमोर सरकवल्या. “ही आपल्या मळ्यातली बुरशी. ही मी इथे वाढवलेली. आज सकाळी तपासणी हाती आली. दोन्ही एकच आहेत. कंदांत काही नव्हतं.”

“मग आली कुठून?”

“माझ्या बुटांवरून.”

“मेल्या!” म्हातारी कडाडली. “एवढी पुस्तकं खाल्लीस आणि पाय धुवायची अक्कल नाही आली? त्या गरिबाच्या घरादारावर नांगर फिरवलास!”

थोरल्याने मान वर केली नाही. “त्या दिवशी घाईत तसाच निघालो, खरंय. पण बांधावर बूट काढायला वाकलो होतो मी. पिशवीत धुतलेला रबरी जोडा होता. आठवतं?”

तिला आठवलं. साहेब आला म्हणून शेजारीपाजारी बांधावर जमले होते. तो वाकला, तशी तिनेच त्याला दंडाला धरून उभं केलं होतं. “रबरी जोड्यात फिरलास तर गडी समजतील तुला. चल तसाच.” सुटलेली नाडीसुद्धा तिनेच बांधली होती, घट्ट. आणि मग हाताला धरून त्याला त्या ओळीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरवला होता.

तिने समोरच्या दोन्ही बश्या टेबलाच्या कडेला सरकवल्या.

“उद्या मी येतो,” थोरला म्हणाला. “सगळ्यांसमोर सांगतो. माझ्या नोकरीचं व्हायचं ते होवो. धाकट्याचा मळा तरी राहील.” त्याने फाडायला कागद उचलला.

“काय सांगशील?”

“झालं ते सगळं.”

“बुटांचंही?”

“बूट का नाही काढले, हेच आधी विचारतील, आई.”

म्हातारीने त्याच्या हातातून कागद काढून घेतला. टेबलावर ठेवला. ज्या हाताने धाकट्याच्या थोबाडीत दिली होती, त्याच हाताने तो दाबून सपाट केला.

“शिक्का नीट उमटला नाही,” ती म्हणाली. “पुन्हा मार.”