आधी गिलास वाजवा

चंद्रावरच्या खाणीतून दर रविवारी सुखदेवचा फोन यायचा, तो खरखरतच. त्याची बायको वनिता नगराळे तीन वर्षं चंद्रपूरच्या संपर्क केंद्रात तक्रार लिहून देत होती. तिकडच्या ॲम्प्लिफायरवर जोर पडला की तो आवाज वाकडा करतो, एवढंच उत्तर मिळायचं.

आज इंजिनिअर शैला ताजणे स्वतः शेजारी बसली होती. "ॲम्प्लिफायर जितका वाकवणार, तितका आवाज आता आम्ही आधीच उलटा वाकवून पाठवतो, वहिनी. बाहेर पडताना तो सरळच पडतो."

वनिता बाजारात भांडंसुद्धा वाजवून घ्यायची. ती माइकमध्ये म्हणाली, "अजी, बोलू नका. आधी गिलास वाजवा."

तीन सेकंदांनी चंद्रावर स्टीलच्या गिलासावर चमचा वाजला. शेजारच्या स्वयंपाकघरात वाजावा तसा, स्वच्छ. दोघी हसल्या.

मग सुखदेव बोलला. "आलं का ऐकू? मी एकदम मजेत आहो."

आवाजात तीच खरखर होती.

शैलाने घाईघाईने स्क्रीन तपासली. "थांबा, काहीतरी राहिलं असेल. मी पुन्हा बघते."

वनिताने तिचा हात धरला. वनिताचे वडील बावीस वर्षं कोळशाच्या खाणीत होते. शेवटची चार वर्षं त्यांच्या छातीतली धूळ अशीच बोलायची.

"तुमची मशीन बरोबर आहे, ताई," ती म्हणाली. "यांना परत बोलवायचा अर्ज कुठं द्यायचा, तेवढं सांगा."