कुसळं

फाल्गुन लागला की पूनमचा पाय घरात ठरत नाही. भाकऱ्या थापताना चार वेळा अंगणात येऊन ती डोंगराकडे बघते. गेली पाच वर्षं याच दिवसांत कुणीतरी रान पेटवतंय. दर वेळी गावातल्या चार बायका घेऊन ती हिरव्या डहाळ्यांनी वणवा झोडपते. वनखात्यात अर्ज दिले, गावकीत भांडली, पण पेटवणारा काही सापडला नाही.

आजही धूर दिसला. दुपारी आग विझवून परतली तेव्हा तिच्या हातांना फोड आले होते.

"पेटवणाऱ्याचे हात झडोत!" म्हणत ती ओट्यावर टेकली.

शेजारी सासू लुगड्यात रुतलेली गवताची कुसळं वेचत होती. गुडघे धरलेत म्हणून जी देवळापर्यंतही जात नाही, तिच्या लुगड्याला डोंगरावरची कुसळं.

"आई... तुम्ही?"

सासूने मान वर केली नाही.

"सात वर्सा झाली तुज्या लग्नाला. डोंगर पेटवला का सुनंची कूस उजवते, असा म्हनतात. म्हनून जाते दरसाल लावायला." तिने एक कुसळ उपटून फेकलं. "आन दरसाल तूच जाऊन इझवतेस."